गट्टू, डांबर अन् काळी माती: आपल्या गावांनी एकमेकांना काय सांगायचं?

खामकाठचा (धागालेखक)

मंडळी, मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी साधारण ६८० मिमी. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. शेतीच्या नुकसानीवर इथे बरंच लिहून झालंय, म्हणून हा धागा फक्त शहराच्या जमिनीपुरता: रस्ते, फुटपाथ, शाळांची पटांगणं, पार्किंग, गच्च्या. मे महिन्यात गाव तापतं ते यांच्यामुळे आणि पाऊस आला की पाण्याला मुरायला जागा मिळत नाही तीही यांच्यामुळेच.

विषय डोक्यात यायचं कारण असं. जगभरातली शहरं या बाबतीत एकमेकांकडून शिकत असतात. कोपनहेगनला २ जुलै २०११ रोजी दोनेक तासांत १५० मिमीच्या आसपास पाऊस झाला आणि तळघरं बुडाली. २०१२ मध्ये त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला. २०१५ पासून न्यूयॉर्कने त्यांच्याशी करार करून तो अभ्यास आपल्या शहरात नेला. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यानंतर नागपूरसह कितीतरी शहरांनी आपापले केले. सी-४० या महानगरांच्या गटात तर थंड शहरांसाठी वेगळं मंडळच आहे. पण तिथे मुंबईसारखी शहरं. जालना-परभणीला तिथं कोण विचारतंय?

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचंच घ्या. तिच्या पुनरुज्जीवनाचं काम डब्ल्यूआरआय या जागतिक संस्थेच्या रॉस सेंटरच्या शहरांसाठीच्या पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या अंतिम यादीत होतं. त्याच यादीत पॅरिसचा एक प्रकल्प होता: शाळांची डांबरी पटांगणं उकरायची, माती-झाडं-सावली आणायची आणि ती जागा उन्हाळ्यात वस्तीलाही खुली करायची. पॅरिस आणि छत्रपती संभाजीनगर एका यादीत आले, चांगलंच झालं. पण इथून साठेक किलोमीटरवर जालना आहे. खामच्या काठावर काय जगलं, काय मेलं, कुठला दगड पुरात टिकला, हे तिथल्या कुणाला आपण सांगितलंय का?

तर तुमच्या गावात, कॉलनीत, शाळेत जमीन किंवा छत थंड ठेवायचा, पाणी मुरवायचा काही प्रयत्न झाला असेल तर लिहा. चालला असेल तरी, फसला असेल तरी. फोटो नसले तरी चालतील, खाली काय घातलं होतं ते मात्र सांगा.

मुरूम_मास्तर

"खाली काय घातलं" असं विचारलंत म्हणून लिहायला बसलो. रस्त्याच्या कामांवर देखरेख करण्यात हयात गेली, तेव्हा जरा लांबण लागेल.

मोठ्या शहरांच्या अहवालांत पाणी मुरणाऱ्या फरसबंदीची सुरेख चित्रं असतात. वर गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉक, त्यांच्या फटीतून पाणी खाली, खाली खडी, खडीखालून जमिनीत. कागदावर झकास. आपल्याकडे शेवटच्या पायरीवर गाडी अडते, कारण खाली काळी माती आहे. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. मेअखेरीस तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यामुळे पहिला वळीव ती गटागटा पिते. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय मुरतंय! दोन-चार चांगले पाऊस झाले की भेगा मिटतात. मग चिकणमातीतून पाणी मुरायचा वेग तासाला १ ते ५ मिमी एवढाच उरतो. महसूल खातं मंडळात दिवसाला ६५ मिमी पडला की अतिवृष्टी धरतं. त्यातला निम्मा पाऊस तासाभरात कोसळला तर हिशेब तुम्हीच करा.

त्यात भर अशी की गट्टूखालची काळी माती सारखी ओली-कोरडी होत राहिली तर वरची फरसबंदी लाटा मारते. दोन वर्षांत गट्टू वरखाली.

मग काळ्या मातीत पाणी मुरणारी फरसबंदी करायचीच नाही का? करायची, पण तिच्याकडून मुरवायची अपेक्षा कमी ठेवायची आणि साठवायची जास्त. फटीत डस्ट (दगडाची भुकटी) भरायची नाही, बारीक धुतलेली कच भरायची. खाली बारीक माल नसलेल्या एकसारख्या खडीचा फूट-सव्वा फुटाचा थर. त्याच्या तळाशी भोकं पाडलेला पाईप, आणि तो पाईप जिथं मुरूम लागतो अशा शोषखड्ड्यात किंवा नालीत सोडायचा. खडी आणि माती यांच्यामध्ये जाड कापड, नाहीतर चिखल वर चढून खडीतल्या फटी बंद करतो. इमारतीचा पाया जवळ असेल तर पाणी मातीत जाऊच देऊ नये, खडीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून सगळं पाणी पाईपने काढावं.

आपल्याकडं मात्र बहुतेक ठिकाणी गट्टूखाली सिमेंटचा कोबा असतो. फटीतून पाणी जाईल, पण कुठं? ताटावर ठेवलेली चाळणी ती.

आणखी एक. आपल्या गावांचा जुना भाग बहुधा उंचवट्यावर असतो, तिथं हातभर खाली मुरूम लागतो. नव्या कॉलन्या झाल्या त्या शेतं एनए (बिगरशेती) करून, म्हणजे थेट काळ्या रानात. एकाच गावात दोन तऱ्हेची जमीन आणि टेंडर मात्र एकच. जुन्या भागात शोषखड्डा पाच-सहा फुटांवर मुरूम गाठून छान चालतो. तोच नकाशा घेऊन नव्या कॉलनीत खोदला की पावसाळाभर त्यात डास.

पुस्तकातली_पाल

मास्तर, फार माहितीपूर्ण. वाचते आहे.

परभणीची_लेक

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या दोन वर्गखोल्यांवर पत्रे आहेत. परभणीचा उन्हाळा काही सांगायला नको. पारा ४४-४५ ला गेला की बातम्यांत आमचं नाव येतं, इतर वेळी येत नाही. सकाळची शाळा केली तरी साडेदहानंतर मुलं पेंगतात, काहींना उलट्या होतात.

अहमदाबादचा उल्लेख वर आलाय म्हणून थोडं लिहिते. तिथं मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत गेला होता आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तोवर उन्हानं माणूस मरतो हे कुणी हिशेबातच धरत नव्हतं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ऊन लिहीत नाहीत. मग आराखडा आला: आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, मजुरांच्या वेळा, पाणपोया. २०१७ च्या सुमारास त्यात छपरांची भर पडली. झोपडपट्टीतल्या सुमारे ३ हजार छपरांना पांढरा चुना किंवा रंग. आतलं तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं म्हणतात.

मला यातलं आवडलं ते हे की चुना मारायला स्मार्ट सिटी लागत नाही. आमच्या शाळेला परवडेल असं या सगळ्या धाग्यात बहुतेक हे एकच आहे. कुणी केलंय का आपल्या भागात?

गोदाकाठ

नांदेडहून. छपरांचं शिकायचं तर अहमदाबादला जायची गरजच नाही, आमच्या शेजारी बघा. तेलंगणाने २०२३ ते २०२८ साठी थंड छपरांचं धोरण आणलंय. पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छप्पर, त्यातलं २०० एकट्या हैदराबादेत, असं उद्दिष्ट आहे. सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती आहे. धर्माबाद ओलांडलं की तेलंगणा. १९५६ पर्यंत एकाच राज्यात होतो, आता तिकडच्या नगरपालिकेत काय चाललंय ते आम्हाला यूट्यूबवर कळतं.

पाण्याचं मात्र आमचं गणित वेगळं आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी चढली की शहरातल्या नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं मागं सरकतं. तेव्हा रस्ता पाणी मुरवणारा असो की काचेचा, सखल वस्तीत पाणी येणारच. अशा ठिकाणी नाल्याच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप आणि आतलं पाणी थोपवून धरायला मोकळी जागा लागते. रॉटरडॅममध्ये बेंथेमप्लेन चौक आहे, २०१३ चा. एरवी पोरं तिथं बास्केटबॉल खेळतात, पाऊस आला की तोच खोलगट चौक १७ लाख लिटर पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. आपल्याकडं मैदानाला भराव टाकून उंच करायची हौस. ते खोल ठेवायचं असतं हे नगरसेवकाला पटवायचं कसं?

नाली_साफ_करा

सगळं वाचलं. कोपनहेगन झालं, रॉटरडॅम झालं. आमच्या नालीत गादी, नारळ आणि गुटख्याच्या पुड्या आहेत. आधी त्या काढा, मग पावसाचं पाणी शोषून घेणारी ती स्पंज शहरं करा.

आणि स्पंज म्हणाल तर चीनचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये १६ शहरांपासून सुरू केलं, पुढे वाढवलं. चंचौ (झेंगझोऊ) शहरानेही असल्या कामांवर भरपूर खर्च केला होता. २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला, भुयारी मेट्रोत माणसं बुडाली. कुठं गेला स्पंज?

मुरूम_मास्तर

@नाली_साफ_करा, गादीबद्दल शंभर टक्के सहमत. पण चंचौचं उदाहरण उलटं लावताय. तासाला २०० मिमी पाऊस जगातला कुठलाच रस्ता, कुठलीच नाली पेलत नाही. स्पंजचं काम रोजच्या-नेहमीच्या पावसाचं. वर्षातून पाच-सात वेळा जो ३०-४० मिमी पडतो आणि चौकात टायर बुडवतो, त्याचं. मोठ्या पुरासाठी पाण्याला वाट मोकळी ठेवणं हा वेगळा विषय आहे, आणि दोन्ही लागतात. एक केलं म्हणून दुसरं सोडलं की चंचौ होतं.

कोपनहेगनचं खरं शिकण्यासारखं तेच आहे. त्यांनी असं ठरवलं की शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस आला तरी रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको. सगळं पाणी गटारात घालायचा नाद त्यांनी सोडला. काही रस्ते मुद्दाम मध्ये खोलगट करायचे, म्हणजे ढगफुटीत तो रस्ताच पाणी वाहून नेतो. बागा मोठ्या पावसात बुडू द्यायच्या. अशी तीनशेच्या आसपास कामं, वीसेक वर्षांत.

उंबऱ्याच्या_आत

मी काही इंजिनियर नाही, घरात बसून मुलांच्या शिकवण्या घेते. पण मास्तरांचं "रस्ता मध्ये खोलगट" वाचून राहवलं नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून घरात यावं लागायचं. मग डांबरी रस्ता झाला. त्याच्यावर परत डांबर. मग कुणाच्या तरी फंडातून सिमेंटचा रस्ता आला, तोही आहे त्याच्यावरच. आता रस्ता आमच्या उंबऱ्याच्या वर चार बोटं आहे. म्हणजे रस्त्यावरून आम्ही घरात उतरतो. थोडा जोराचा पाऊस आला की रस्त्याचं सगळं पाणी ओसरीत. आम्ही दाराशी विटांचा बांध घातलाय, शेजाऱ्यांनी घातला, त्यांच्या शेजाऱ्यांनी घातला. ज्यानं नाही घातला त्याच्या घरात सगळ्यांचं पाणी. यावरून गल्लीत भांडणं झालीत, बोलणं बंद झालंय.

ठेकेदाराला म्हणलं, बाबा जुना रस्ता उकरून मग कर. तर म्हणला, इस्टिमेटात उकरणं नाही.

उन्हाळ्यात त्या सिमेंटच्या रस्त्याची झळ रात्री अकरापर्यंत येते. आधी ओसरीत झोपायचो, आता कूलरशिवाय जमत नाही. तेव्हा बाकीच्या शहरांनी काय केलं ते जरूर सांगा, पण आधी कुठल्या गावानं रस्ता खाली घेतला असेल तर त्याचं नाव मला सांगा. मला तो बघायला जायचंय.

गोदाकाठ

ताई, +१. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

नाली_साफ_करा

हे मात्र खरंय. आमच्याकडं तर नालीचं झाकणच रस्त्याच्या वर आलंय, पाणी नालीत जाणार कसं, उडी मारून?

मुरूम_मास्तर

ताई, उकरायला मशीन असते, मिलिंग म्हणतात. जुन्या डांबराचा वरचा थर खरवडून काढायचा, तेवढ्याच जाडीचा नवा टाकायचा. रस्त्याची उंची तीच राहते, खरवडलेला मालही परत वापरता येतो. महामार्गांवर हे नेहमीचं आहे. गल्लीबोळात मशीन आणणं ठेकेदाराला परवडत नाही हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की अंदाजपत्रक करताना घराच्या जोत्याची पातळी कुणी मोजतच नाही. नकाशात रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी असते. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांची उंची हा रकानाच नसतो.

त्यात भर, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता करायचा हा नियम. महामार्गाला तो ठीक आहे, कारण कडेला चर असतो. गल्लीत कडेला चर नाही, घरं आहेत. तिथं रस्ता मध्ये खोल करून पाणी मधूनच न्यावं हेच बरोबर. आपल्या जुन्या गल्ल्यांत मधोमध दगडी नाली असायचीच की.

आता तुमच्या गल्लीपुरतं: पुढच्या कामाची अंतर्गत रस्त्यांची यादी निघायच्या आधी, सगळ्या घरांनी मिळून प्रत्येक उंबऱ्याची रस्त्यापासूनची उंची फुटपट्टीने मोजून, सह्या करून अर्जाला जोडा. "पाणी घरात येतं" याला उत्तर द्यायची गरज पडत नाही. "घर क्रमांक अमुक, उंबरा रस्त्याच्या १० सेंटिमीटर खाली" याला द्यावं लागतं.

अंबाजोगाई_ते_अ‍ॅरिझोना

उशिरा आलो. सध्या मुक्काम फिनिक्स. इथलं ऊन म्हणजे २०२३ मध्ये सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर. त्यामुळे परभणीची लेक काय म्हणते ते कळतं, फक्त इथं दमटपणा नाही आणि घरोघरी एसी आहे.

इथं २०२० पासून रस्त्यांवर फिकट राखाडी रंगाचा लेप मारायला सुरुवात झाली. लॉस एंजेलिसने त्याआधी केलं होतं. इथल्या विद्यापीठाने बारकाईने मोजमाप केलं आणि निकाल लपवले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. लेप मारलेला रस्ता दुपारी साध्या डांबरापेक्षा सरासरी ६ ते साडेसहा अंश सेल्सियसने कमी तापतो. छान. रात्री सहा फुटांवरची हवा पाव अंशाने थंड. ठीक. पण भर दुपारी त्या रस्त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर येणारी उष्णता साध्या रस्त्यापेक्षा सुमारे ३ अंशांनी जास्त भरली. कारण उघड आहे: रस्त्याने ऊन शोषलं नाही, परत फेकलं, आणि ते चालणाऱ्याच्या अंगावर आलं.

म्हणून जिथं माणसं पायी चालतात, भाजीवाले बसतात, मुलं खेळतात, तिथं जमीन पांढरी करणं हा उपाय नव्हे. तिथं सावली पाहिजे. रंग छपरावर, कारण छपरावरून परतलेलं ऊन आभाळात जातं. आपल्याकडच्या एखाद्या अधिकाऱ्याने लॉस एंजेलिसचा फोटो बघून आठवडी बाजाराच्या ओट्यांसमोर पांढरा लेप मारायच्या आधी हे त्याच्यापर्यंत पोहोचावं एवढंच वाटतं. अपयश म्हणा किंवा अर्धं यश म्हणा, ते दुसऱ्या शहराला कळणं हाच या देवाणघेवाणीतला खरा माल आहे. यशाच्या गोष्टी काय, परिषदेत चहाबरोबर मिळतातच.

खामकाठचा (धागालेखक)

हे फारच कामाचं. म्हणजे डांबर काढून सिमेंट केलं की रस्ता थंड होतो हा समजही अर्धवटच. नवं सिमेंट साधारण ३५-४० टक्के ऊन परत फेकतं, नवं डांबर ५-१० टक्के. पण सिमेंट मळतं, आणि दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडतं. उंबऱ्याच्या_आत ताईंची रात्री अकराची झळ तीच.

माळवदावरचा_म्हातारा

सगळे परदेशात फिरून आले, आता जरा गावात या.

आमच्या लहानपणी अख्ख्या गावावर माळवदं होती. लाकडी तुळया, त्यावर आडव्या फळ्या, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. काळी माती वर कुणी टाकत नसे, ती भेगाळते आणि गळते. पांढरी जुन्या गढीतून नाहीतर गावठाणातून आणायची, पावसाच्या तोंडावर दर साली नवा थर द्यायचा. फूटभर मातीचं छत, तेही वरून फिकट. दुपारी आत झोप लागायची. मातीचा थर पहिल्या सरी पिऊनही घ्यायचा, मग उरलेलं पाणी पन्हाळीतून खाली.

तरी कौतुक एवढंच पुरे, त्याचे तोटे मी भोगलेत. ओझं भयंकर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि मातीची जड छतं अंगावर येऊन माणसं गेली. त्यानंतर लातूर-धाराशिवकडं माणसाला माळवदाखाली झोपायची भीती बसली, लोकांनी पत्रे घातले. पत्र्यानं जीव वाचतो आणि उन्हाळ्यात जीव जातो, अशी आमची गत. तेव्हा "जुनं तेच सोनं" असं कुणी लिहू नका. पांढऱ्या रंगाचं हलकं छत हवं, एवढाच त्यातून घ्यायचा धडा.

मांजराकाठची_तहान

लातूरकर. मास्तरांच्या ६५ मिमीवरून एक हिशेब केला, बघा पटतो का. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. अतिवृष्टीच्या एका दिवसात एका एकरावर २ लाख ६३ हजार लिटर. दोन एकर सिमेंट केलेल्या आवारावर सव्वापाच लाखांच्या वर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्यासाठी पाण्याची पहिली रेल्वे आली होती, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. तेवढं पाणी एका बऱ्यापैकी कॉलेजच्या आवारातून एका दिवसात नालीत जातं. सगळं काही अडवता येणार नाही हे कळतं, पण छताचं पाणी बोअरशेजारच्या मुरुमात सोडायला काय हरकत आहे?

जालन्याची_भट्टी

मध्येच एक शंका. आमच्याकडं स्टीलच्या भट्ट्यांची मळी (स्लॅग) डोंगराएवढी पडलेली असते. सुरतजवळ हजिरा इथं २०२२ मध्ये स्टीलच्या मळीचा रस्ता केला होता म्हणे. खडीऐवजी गट्टूखाली ती चालेल का?

मुरूम_मास्तर

हजिऱ्याचा रस्ता झाला, खरं आहे. पण ती मोठ्या पोलाद कारखान्याची, प्रक्रिया केलेली मळी. प्रत्येक भट्टीची मळी वेगळी असते, काही पाणी लागलं की फुगते. जिथं मुद्दाम पाणी साठवायचंय तिथं तपासणी केल्याशिवाय टाकू नका. त्यातून काय पाझरून बोअरमध्ये जाईल तेही आधी बघावं लागेल.

खामकाठचा (धागालेखक)

धागा वाहता ठेवू. एक सुचवतो. माझी वसुंधरा अभियानात (२०२० पासून) सगळ्या नगरपालिका गुणांसाठी एकमेकींशी स्पर्धा करतात, पण गुण मिळाले की कागद कपाटात. आपण इथेच एक साधी नोंद सुरू करू. गाव, जमीन काळी की मुरमाड, उतार कुठे, खाली काय घातलं, साफ कोण करतं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर काय स्थिती. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर ती नोंद धरायची नाही.

गोदाकाठ

पहिली नोंद माझी घ्या. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोकळ गट्टू, ज्यांच्या मध्ये गवत लावतात ते. जमीन काळी. खाली डस्ट, पाईप नाही. साफ कोणीच करत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर: गवत गाड्यांखाली मेलं, पोकळीत चिखल दगडासारखा बसला, पाणी वरून वाहतं. थोडक्यात, फसलं. फक्त कडेला कडुनिंबाखालच्या दोन रांगा अजून पाणी पितात, तिथं गाड्या लागत नाहीत आणि मुळांनी माती मोकळी ठेवलीय.

मुरूम_मास्तर

ही नोंद सोन्यासारखी. कडुनिंबाभोवतीची जागा वाढवा, त्या झाडाच्या बुंध्यापर्यंत कोबा करू देऊ नका.

परभणीची_लेक

माझा प्रश्न राहूनच गेला. मुख्याध्यापक हो म्हणालेत, पालकही रविवारी येतो म्हणतात. चुन्याचं प्रमाण सांगा ना, पत्र्यावर मारायचाय.

मुरूम_मास्तर

बाई, पत्र्यावर चुना नको. स्लॅब असेल तर चुना उत्तम: कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात थोडा फेव्हिकॉल घाला म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, आणि कुंच्याने दोन हात मारा. पावसात धुपतो, दर साली मार्चमध्ये परत मारायचा. पण जस्ताच्या पत्र्याला चुना धरत नाही, आणि ओला चुना जस्त खातो. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. गंजलेल्या जागा आधी तारेच्या ब्रशने घासून प्रायमर. काम भल्या सकाळी, पत्रा तापायच्या आत. वर जाणाऱ्याला फळी टाकूनच चालायला सांगा. आणि पत्रा जुना सिमेंटचा असेल तर तो घासायचा नाही, त्यावर कुणी चढायचंही नाही, आधी इथं कळवा.